लेन्स बदलावी लागेल

३ मार्च

ही डायरी गेल्या वर्षीची. औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. छापलेला वार शनिवार, आणि घरात सगळे रविवारचे लोळताहेत. असू दे. तारीख खरी आहे, वाराचं आपण मनात धरायचं.

आज डेपो पुरा झाला! चार महिने डोळ्यांत तेल घालून केला. पुठ्ठा, काड्यापेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, आणि टूथपेस्टच्या खोक्याची बस. यांनी एकतीस वर्षं ज्या डेपोतून बस काढली, तो डेपो पाडला. नवी इमारत झालीय. तिच्या हॉलमध्ये काचेचं कपाट ठेवणार, कपाटात जुन्या डेपोचं मॉडेल, आणि खाली पितळी पाटीवर, ज्या घरानं ते केलं त्या घरच्या ड्रायव्हरचं नाव. एकच कपाट, एकच नाव. सगळ्या जुन्या ड्रायव्हरांच्या घरी पत्रं गेलीत. अट एवढीच की स्केल मॉडेलचा स्पष्ट फोटो ३१ मार्चच्या आत पोचला पाहिजे.

मी चौथी पास, पण स्केल मला कळतं. सगळं स्केलनं मोजूनच केलंय. हल्ली स्केलवरचे आकडे फार बारीक छापतात, म्हणून मध्येमध्ये बोटानं मोजलं. बोट खोटं बोलत नाही. आणि डेपो मला पाठ आहे, डोळे मिटले तरी दिसतो.

गेटपाशी हे उभे केलेत. काडीला कापूस, वर कागद, खाकी सदरा. मिशी एका केसाच्या ब्रशनं काढली. नातीनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, आजी, आजोबांच्या भुवया काय जाड झाल्यात! यांच्या भुवया खरं तर विरळ होत्या. पण पोरीला आवडल्या, बरं वाटलं.

बस गॅरेजच्या दारातून आत जात नाही. ती आत्ताच बाहेर आलीय असं धरायचं.

संकल्प: उद्या फोटो, परवा पोस्ट.

४ मार्च, दुपार

माझ्या फोननं फोटो काढला. धुकं. नुसतं धुकं. त्याचा तरी काय दोष, सात वेळा पडलाय.

५ मार्च

लेकाचा फोन ताटाएवढा. फोटो तसाच, दुधात बुचकळून काढल्यासारखा. लेक म्हणाला, आई, चांगला तर आलाय. त्याचं काय घेऊन बसायचं! लहानपणापासून पानात काहीही वाढा, चांगलंय म्हणतो.

७ मार्च

सूनबाईचा फोन घेतला. ती म्हणाली, अहो आई, यात वीट न् वीट मोजता येतेय. सासूचं मन राखायला बोलते बिचारी. गुणाची आहे. पण मग हळूच म्हणाली, एकदा डोळे दाखवून घेऊ या का? हे मात्र मला आवडलं नाही. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा अजून मीच ओवते. सुई नात धरते, दोराही तीच धरते, पण कधी ओवायचा ते मी सांगते.

आज चहा टेबलावर सांडला. नव्या कपांची तोंडं लहान आहेत.

१० मार्च

दोष उजेडाचा आहे, आत्ता कळलं. घरातल्या दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतं. हल्ली बल्बमध्येसुद्धा भेसळ. म्हणून डेपो उचलून गॅलरीत नेला. वारा आला, दिव्याचा खांब निखळला. लगेच जागच्या जागी चिकटवला, कुणाला पत्ता लागणार नाही. फोटो धुरकटच.

संकल्प: पेन्शन माझी, फोन नवा घेणार.

१३ मार्च

बस आणि हे, दोघांना बिस्किटाच्या डब्यात घालून फोनच्या दुकानात गेले. काउंटरवर एक चुणचुणीत बाई. विचारते, आजी, कुठलं मॉडेल हवंय? म्हटलं, हवंय कशाला, मॉडेल घरी आहे. चार महिन्यांचं आहे. ती खूश. म्हणाली, मग द्या की बदलून, चांगली किंमत येईल. मी म्हटलं, बाई गं, जन्मात देणार नाही, त्यात आमचे हे आहेत!

ती लगबगीनं काउंटरबाहेर आली. मग तिनं मला पाणी आणून दिलं.

डबा उघडून दाखवल्यावर तिला उलगडा झाला. हसली, पण मायेनं. जवळचं बारीक टिपायला मॅक्रो लागतो म्हणाली. तीन फोननी यांचे फोटो काढले. पहिलं धुकं, दुसरं धुकं, तिसरं महागडं धुकं. एकशेआठ मेगापिक्सेल आहेत म्हणाली. म्हटलं, एकशेआठ काय नि एक हजार आठ काय, जप केल्यानं फोटो येतो का?

घेतला नाही. येताना पायरी चुकली. पायऱ्यासुद्धा आता एकसारख्या रंगाच्या करतात.

१६ मार्च

नाचता येईना अंगण वाकडं, तशी या फोनवाल्यांची गत. त्यांना फोटो काढता येईना, आणि घरचे म्हणतात आजीचे डोळे दाखवा.

२२ मार्च

आज खरा जाणकार भेटला. चौकातला फोटोवाला. पासपोर्टचे फोटो काढतो, पण कॅमेरा हा एवढा, कुकरसारखा. म्हटलं, हातगाडी लागो नाहीतर काही लागो, अख्खा डेपो त्याच्यापुढे ठेवायचा. लेकानं आणि मी तो चादरीत धरून नेला. त्यानं फोटो काढला, दाखवला. मी म्हटलं, धुकं. त्यानं दुसरा काढला. धुकं. मग तो कॅमेरा सोडून माझ्याच तोंडाकडे पाहत राहिला. अगदी जवळ आला, डोळ्यांत डोकावला, आणि म्हणाला, आजी, लेन्स बदलावी लागेल.

बघा! तीन आठवडे मी काय वेगळं सांगत होते?

घरी ताठ मानेनं आले. जेवताना सगळ्यांना ऐकवलं, जाणकार माणसाचं मत आहे, लेन्सच खराब आहे. लेकानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं लेकाकडे. मग लेक म्हणाला, पुढच्या शनिवारी जाऊ बदलायला. इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं.

२६ मार्च

शनिवार म्हणजे तीस तारीख. त्यानंतर फोटो काढून कधी पोचायचा? त्यातल्या त्यात बरा म्हणून फोटोवाल्याचा फोटो आज पाठवला. पाठीमागे लिहिलं: 'सकाळची वेळ आहे. धुकं आहे.' अक्कल म्हणतात ती ही.

सूनबाई म्हणाली, अर्ज मी भरते. म्हटलं, यांच्या नावाचा अर्ज आहे, मीच भरणार. चौकोन किती बारीक काढतात! वय शहात्तर, पण त्या चौकोनात सातच बसला, सहा बाहेर घरंगळला. समजून घेतील. शिकलेले लोक आहेत.

रात्री झोपताना ती पितळी पाटी दिसली. नाव ठळक.

३० मार्च

फसवलं मला! लेन्सचं दुकान म्हणून नेलं, आणि आत पांढरे कोट आणि खाटा. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बत्ती मारली आणि म्हणाल्या, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, चांगले पिकलेत. म्हटलं, पिकायला काय फळं आहेत? त्या म्हणाल्या, आधी उजवा करू. आतली लेन्स बदलायची, पंधरा मिनिटांचं काम.

लेक खाली मान घालून हसत होता.

हो म्हटलं. घरच्यांची भुणभुण थांबावी एवढ्यासाठीच. माझं काही अडलेलं नाही.

५ एप्रिल

पट्टी निघाली. अगं बाई!

भिंत पांढरी आहे. मी चार वर्षं पिवळी समजत होते. सुनेच्या कानामागे पांढरी बट आहे, आणि किती सुंदर दिसते ती हसताना. लेकाला टक्कल पडतंय. नातीच्या नाकावर तीळ! हा कधी आला? जन्मापासून आहे म्हणे. आरशात एक म्हातारी होती, तिला मी सरकून वाट दिली.

म्हटलं, फोटो आणा. सगळे आणले. माझ्या सात वेळा पडलेल्या फोनचासुद्धा. सगळे स्वच्छ. काचेसारखे. वीट न् वीट मोजता येते.

विटा जरा वाकड्या आल्यात. तो कॅमेऱ्याचा दोष असेल. उद्या खुद्द डेपोच पाहते.

६ एप्रिल

कॅमेऱ्याचा दोष नाही.

भिंती निळ्या रंगवल्या होत्या, त्या जांभळ्या आहेत. दिव्याचा खांब बसच्या टपावर उगवलाय. गॅरेज एका अंगाला कलंडलेलं. पाटीवर मी 'बस' लिहून, लिहिलं की नाही कळेना म्हणून परत लिहिलेलं दिसतं. 'बस बस डेपो'.

आणि यांची मिशी कपाळावर आहे.

नातीला विचारलं, तुला दिसत होतं ना गं? म्हणाली, हो, पण तू इतकी खुशीत होतीस.

१५ एप्रिल

नव्या डेपोतून पत्र आलं. चष्म्याशिवाय वाचलं, तेवढं एक सुख. 'प्रिय बालमित्रा, इतक्या लहान वयात तुझा प्रयत्न कौतुकास्पद आहे. पुढच्या वेळी घरातल्या मोठ्या माणसांची मदत घे. फोटो मात्र अतिशय स्पष्ट आला आहे.'

सोबत रंगपेटी.

काचेच्या कपाटात दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या घरचं मॉडेल गेलं. जावई इंजिनिअर आहे त्यांचा. पितळी पाटीवर ज्याचं नाव लागलं, त्याला बस चालवायला यांनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं बस भिंतीवर घातली होती, ती हकीकत हे रंगवून सांगायचे.

१६ एप्रिल

लेक सांगून गेला, डाव्या डोळ्याची तारीख मिळालीय, वीस. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

डायरीतला छापलेला वार आता लख्ख दिसतो. चुकीचा तो चुकीचाच.

सगळे कामाला गेल्यावर डेपोपुढे बसले. मिशी खरवडून खाली घ्यावी म्हणून ब्लेड घेतलं. पण चेहऱ्याचा कागद नाकापर्यंतच आहे, खाली नुसता कापूस. निघेल ती चेहऱ्यासकट निघेल. ब्लेड ठेवून दिलं.

मग उजव्या डोळ्यावर तळहात धरला.

झाकला डोळा सव्वा लाखाचा. सकाळची वेळ आहे. धुकं आहे. बस आत्ताच बाहेर आलीय. हे गेटपाशी उभे आहेत, मिशी जागेवर.

डावा डोळा करायचा नाही.