कॅनॉलवर पुढे पळणारा

बाबा, आज सकाळी मी पुन्हा पळायला गेले. पन्नाशीत. पळाले म्हणायला जीभ रेटत नाही. थोडं धापा टाकत पळाले, उरलेलं चालले. कंपनीने रनिंग ग्रुप काढलाय. टी-शर्ट दिलाय, मनगटाला घड्याळ दिलंय, सगळं फुकट. फुकट देणाऱ्याचा दुसरा हात आधी बघावा, असं तुम्हीच सांगायचात. ते घड्याळ माझ्या छातीचे ठोके कुणाला कळवतं कोण जाणे, मी ते कपाटात ठेवून जाते. ग्रुपमधली पोरं विचारतात, "मॅम, तुमचं मोटिव्हेशन काय?" म्हणजे संशय त्यांनाही आहेच.

तुमची नोकरी जकात नाक्यावरची. ट्रकवाला म्हणणार कांदे, आणि तुम्ही ताडपत्री उचलणार. घरीही तेच. मी तेव्हा नवीन कंपनीत लागले होते. कॉम्प्युटरला दोन हजार साल समजावण्याचं काम, दिवसभर खुर्ची, आणि वर्षभरात सगळे कुडते उसवून सैल करावे लागले. म्हणून कर्वेनगरच्या कॅनॉलच्या कडेने पहाटे पळायला लागले. तुम्ही चहाचा कप घेऊन दारात उभे.

"कोण मागे लागलंय?"

"कुणी नाही."

"मग पळायचं कशाला? ऑलिंपिकला कधी निघणार आहात आपण?"

आई आतून म्हणते, "अहो, जाऊ दे ना तिला." सुरुवातीला पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना रडू यायचं. तरी जात राहिले, आणि तेच तुम्हाला खटकलं. सुखासुखी कोण एवढं सोसतं?

मग एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन तुम्ही कॅनॉलवर आलात. मी पळतेय, आणि माझ्या बरंच पुढे एक मुलगा पळतोय. एकाच मालकाचे दोन ट्रक अंतर राखून येतात आणि नाक्यावर ओळख दाखवत नाहीत, हे तुमचं ठाम ज्ञान. झालं! मला एका शब्दाने न विचारता तुम्ही त्याची चौकशी केलीत. राहतो कुठे, नोकरी काय, घरी कोण कोण. कहर म्हणजे सगळं तुमच्या पसंतीस उतरलं. तुमच्या बोलावण्यावरून रविवारी तो आईला घेऊन आपल्याकडे हजर, आणि तुम्ही मला म्हणता, "पोह्यांच्या बशा आण. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही."

तो बिचारा बशी धरून बघतच राहिला. "काका, मी यांना आज पहिल्यांदा बघतोय." त्याची आई पर्स पोटाशी घट्ट धरून बसलेली; तिला वाटलं, आपल्या पोराला हे लोक गळाला लावतायत. तुम्ही मात्र हसलात. ते गेल्यावर अगदी हळू आवाजात म्हणालात, "खरं सांग. मी रागावणार नाही." मी शपथ घेतली, ओरडले, रडले. "शपथ काय, ट्रकवालेही घेतात," तुम्ही म्हणालात.

बाबा, इतका राग आला होता तुमचा! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी निव्वळ माझं होतं, आणि तुम्ही त्याचंही स्थळ करून टाकलंत. दुसऱ्या दिवशी बूट घातले, कॅनॉलपर्यंत गेले आणि शरमेने परत फिरले. तो भेटला तर काय बोलू? पळणं सुटलं ते सुटलंच. तुम्ही ते सुटणंसुद्धा पुरावा म्हणून धरलंत. शेवटपर्यंत तुमचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि तसेच गेलात. याचं मला अजून वाईट वाटतं.

हा कागद आता फाडून टाकणार आहे. घरात कुणाच्या हाती लागला तर प्रश्न सुरू होतील. पण आज ग्रुप सोडून एकटीच गेले होते; कॅनॉलवर माझ्यापुढे कुणीच नव्हतं, आणि थोड्याच वेळात पाय आपोआप थांबले. तेव्हा का थांबत नसत, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. शपथ खरी होती, बाबा. त्याचं तोंड मी पोह्यांच्या दिवशीच पाहिलं. पण पाठ रोज पाहत होते. घामाने भिजलेला राखाडी शर्ट. तो वळणाआड दिसेनासा होऊ नये, म्हणून मी पळायचे.