आवाज कुठून येतो

३ जून
सकाळी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. फळ्यावर लिहिता लिहिता, मागे वळूनही न बघता म्हणायच्या, तिसरा बाक, खिडकीकडची, गप्प बस. तिसऱ्या बाकावर ताई आणि मी, जुळ्या. खिडकीकडची मी. तसलाच तिखट कान मला लाभला आहे.
हल्ली मात्र आवाजच घोळ घालतात. हे बेडरूममधून हाक मारतात, ती येते स्वयंपाकघरातून. दोष भिंतींचा. लेक म्हणते, आई, कान तपासून घे, नाहीतर बाळाला पाळणाघरात ठेवते. माझ्या नातीला पाळणाघर! दोष भिंतींचाच, हे सिद्धच करून दाखवते.

५ जून
स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि दोन चिमुकले माइक आणले. हॉलच्या डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला एक. ज्याला आवाज आधी पोचेल, त्या बाजूचा दिवा लागणार. दुकानदाराने विचारलं, नातवाचा प्रोजेक्ट का, आजी? मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत आभार मानले. गार पडला.

८ जून
तारा जोडायला सोल्डरिंग केलं. बोट भाजलं. यांनी बर्फ दिला आणि सल्ला दिला. बर्फ घेतला.

११ जून, सकाळी १०
चाचणी. मी हॉलमध्ये मधोमध, डोळे मिटून. हे कधी डावीकडे बेडरूममध्ये, कधी उजवीकडे स्वयंपाकघरात टाळी वाजवणार. दहापैकी सहा वेळा यंत्र चुकलं, म्हणजे माझ्याशी जुळलं नाही. हे म्हणतात, अगं, मी कुठे उभा होतो ते मला माहीत आहे. असेल.

१४ जून
डावा माइक फार लुडबुड्या आहे. त्यात कापसाचा बोळा कोंबला. आता यंत्राचं आणि माझं दहापैकी दहा वेळा एकमत! स्वस्त वस्तूलाही वळण लावावं लागतं.

१७ जून
लेक बाळाला घेऊन आली. बाळ झोपलं, मग उठून रडलं. उजवा दिवा लागला. मी ताडताड स्वयंपाकघरात. तिथे फक्त ओटा. बेडरूममध्ये बाळाला उचलून घेतलं यांनी.
लेकीने यंत्र न्याहाळलं, केसांतली पिन काढून कापूस उपसला. बेडरूममधून बाळाने पुन्हा भोकाड पसरलं. डावा दिवा. मग ती माझ्या डाव्या कानाकडे बघत राहिली. तिथे कापूस नव्हता.

१८ जून
दोष भिंतींचाच. तरीही वाटणी करून टाकते.
सोल्डरिंगचं सामान ताईला, ती सारखी काहीतरी जोडत असते. उरलेला कापूस यांना, माझ्या बडबडीसाठी. यंत्र इथेच, हॉलमध्ये. दिवा लागला की मी योग्य खोलीत जाईन. पाळणाघराचा फॉर्म लेकीकडे, तिने बुधवारपर्यंत थांबवला आहे.
डावा कान डॉक्टरांना, बुधवारी अकरा वाजता.
उजवा नातीला.