पुढच्या दाताची जबाबदारी

ती. काकांना,

नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी पाठ सध्या सरळ होत नाही (दिवसभर लॅबमध्ये टेबलावर वाकून लोकांचे खोटे दात घडवायचे आणि संध्याकाळी दवाखान्यातल्या स्टुलावर बसायचं), तेव्हा हात जोडले आहेत असं समजावं. तुमचा गुडघा आणि काकूंचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. हे तुम्हाला कळलं आहे, हे आम्हाला कळलं आहे. बोलावल्याशिवाय येणार नाही असं तुम्ही म्हणालात आणि आपणहून येत नाही त्याला बोलावणार नाही असं बाबा म्हणाले, हेही दोन्हीकडे पोचलं आहे. म्हणून हे पत्र म्हणजे बोलावणं नव्हे. हे फक्त एका दाताबद्दल आहे.

बाबांचा वरचा पुढचा दात लहानपणीच गेलेला. मी शिकून कामाला लागल्यावर तिथे ब्रिज करून दिला (शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला खोटा दात उभा करतात, तो). माझं पहिलं बरं काम. रंग जुळवायला फार वेळ घेतला होता. कडेला एक बारीक पिवळट रेघही ओढली होती, कारण त्या वयाच्या माणसाचा दात नुसता पांढरा असला की चोरीचा वाटतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी नेहमीचं विचारलं: एखादा दात हलतो का, कवळी, कॅप, काही बसवलेलं? बाबा म्हणाले, "एकही नाही. सगळे जन्मजात." (जन्मजात दात सहसा कोणालाच नसतात, पण बाई घाईत होत्या.) त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि मान डोलावली. मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होते. आई मात्र खाटेपाशीच होती. तू का नाही बोललीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू?" घरात ती हे रोज करते, पण घरात चारचौघं नसतात.

दुसऱ्या दिवशी भूल दिल्यावर श्वासाची नळी घालताना जीभ बाजूला धरायची धातूची पट्टी त्या दातावर टेकली आणि ब्रिज आधाराच्या एका दातासकट निघाला. ऑपरेशन संपल्यावर सिस्टर बाहेर आल्या त्या दोन प्लॅस्टिकच्या डब्या घेऊन. झाकणं सारखीच. एकीत दात. दुसरीत पोटातून काढलेला तुकडा, तपासणीला पाठवायचा. आईने दाताची डबी दोन्ही हातांनी घेतली आणि तिथल्या तिथे भांडायला सुरुवात केली. दुसऱ्या डबीबद्दल कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

मग जबाबदारीची वाटणी सुरू झाली. सर्जन म्हणाले, माझी हद्द बेंबीच्या आसपास, तोंड भूलवाल्यांकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान ताठ, घसा अरुंद, अशा वेळी श्वास आधी की दात आधी? शिवाय मी विचारलं होतं. (हे खरं आहे. माहीत असतं तर जास्त जपलं असतं म्हणाल्या, तेही खरं असावं.) शेजारचे निवृत्त विमा एजंट, ज्यांना कोणीच विचारलं नव्हतं, म्हणाले केस ठोका. मी तुटलेला भाग भिंगाखाली पाहिला. पोर्सिलेन मागून तडकलं आहे, म्हणजे रेटा आतून आला. सिमेंटने मात्र आधाराचा दात शेवटपर्यंत सोडलेला नाही. माझ्या कामात दोष नाही, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हाच तर दोष. इतका हुबेहूब करायला कोणी सांगितलं होतं तुला? जरा वाईट केला असतास तर बाईंना कळला असता." शेवटी बाबांनाच विचारलं, खोटं का बोललात? सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "त्यांना ओळखू येतो का बघत होतो. बॅटरी मारूनही नाही आला." आणि त्या खिंडारासकट हसले. म्हणजे सगळी जबाबदारी फिरून माझ्या कौतुकावर आली, आणि कौतुकावर दावा लावता येत नाही.

पण मुळात ते खिंडार पडलं कसं? आम्हाला कायम सांगितलं गेलं की बाबा शाळेच्या पायऱ्यांवरून पडले. भूल उतरत असताना त्यांनी त्या जागेवरून जीभ फिरवली, मग माझा हात धरला आणि पोरासारख्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नका. धाकट्याने नाही ढकललं. मीच पडलो." कोणाची आई ते मला क्षणभर कळलं नाही. आजी जाऊन किती वर्षं झाली. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. सिस्टरांनी "नाही सांगत हो" असं कबूल केलं, तेव्हा कुठे झोपले.

धाकटे तुम्हीच. तेव्हा पट्टी बाईंची, खोटं बाबांचं, गप्प बसणं आईचं, दात माझा आणि खिंडार तुमचं. लहान तोंडी मोठा घास होतो, पण मूळ जबाबदार तुम्ही ठरता.

बाकी ठीक. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी

ता. क. आधाराचा दातच गेल्यामुळे आता मोठा ब्रिज करावा लागेल, आणि पुढच्या दातांचा आकार ठरवायला नमुना हवा. बाबांच्या जबड्याशी जुळणारा जबडा घराण्यात एकच उरला आहे. माप द्यायला यावं.

ता. क. दुसऱ्या डबीचा रिपोर्ट आला. आजार पोटापुरता राहिलेला नाही. वर्ष धरून चालू नका, असं सर्जन म्हणाले (ही मात्र त्यांच्या हद्दीतली गोष्ट होती). बाबांना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, दात कधी होईल? लॅबचे मालक म्हणतात, प्लॅस्टिकचा तात्पुरता कर, पुरेल. मी पोर्सिलेनचा, पक्का करते आहे.

ता. क. हा शेवटचा. बाबांच्या जुन्या दातांचा साचा लॅबच्या कपाटात शाबूत आहे. तुमच्या मापाची गरज नाही. हे तुम्हाला इथे आल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. तरी माप द्यायला या. बाबांना मी तेच कारण सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "त्याचे दात माझ्याइतके चांगले नाहीत." नको म्हणाले नाहीत.