न ओढणाऱ्या बारा जणी

८ जाने., अल ऐन
अकरा झाल्या, बारावी मिळत नाही. लॅबच्या प्रमुख डॉ. हुदा परत म्हणाल्या, "हबीबती, चाळिशीपुढची, कधीच धूर न ओढलेली एक बाई. इतकं अवघड आहे?" ओढणाऱ्यांच्या पेशी केव्हाच गोळा झाल्यात. तुलनेला न ओढणाऱ्या कमी पडतात. अकरातल्या सहा मीच आणल्या, शारजाहून, आईच्या भिशीतल्या.

पपांनी फोनवर विचारलं, नक्की करतेस काय तू? सांगितलं. निकोटिन धरून ठेवणारी रिसेप्टर मेंदूत असतात तशी फुप्फुसाच्या पेशींवरही असतात. निकोटिन रोज मिळालं की त्यांची संख्या वाढते. पपांची मेस आहे, ते म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक रोज यायला लागलं की आपण खुर्च्या वाढवतो, तसं."
तसंच. घरात दहावीपुढे मी एकटी गेले, आणि माझं सगळं शिक्षण पपांनी एका ओळीत सांगून टाकलं.

१० जाने., शारजा
बारावी घरातच होती! आई तयार झाली. फॉर्म मीच वाचला, मीच भरला.
"सिगारेट?"
"छे."
"शीशा, मेदवाखची चिलीम?"
"माझ्याकडे बघून वाटतं का गं तसं?"
"तंबाखू खातेस?"
"मी? तुझ्या आजोबांचा बटवा बघून आयुष्यभर शिसारी आली मला."
सगळीकडे 'नाही'. खाली सही. माझीही.

१६ जाने., अल ऐन
आई आली. नाकात ब्रश फिरवून पेशी घेतल्या. श्वासनलिकेचं आणि नाकाचं अस्तर बरंचसं सारखं, त्यामुळे नळी आत घालावी लागत नाही. शिवाय थोडी लाळ. आईचे डोळे पाण्याने भरले, तरी म्हणाली, "शास्त्राच्या उपयोगी पडले म्हणायचं." सगळ्यांना सांगत होती, माझी मुलगी इथे असते. दोन तास बसून आली, दोन तास बसून गेली, वर शारजाच्या तोंडाशी ट्रॅफिक.

३ फेब्रु.
बारा नंबरचा निकाल आला. रिसेप्टर वाढलेली. रोज पाकीट ओढणाऱ्या माणसाइतकी नाहीत, पण न ओढणाऱ्या बाईचीही नाहीत. लाळेतसुद्धा निकोटिनची खूण.
पपा मेसच्या मागे ओढतात, घरात नाही. मग हे आलं कुठून?

४ फेब्रु.
डॉ. हुदा ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "ट्यूब बदलल्यास तू. दमली असशील. पण अशी चूक करणारं माणूस मी पुढे ठेवू शकत नाही." मार्चमध्ये करार संपतो. करारावर व्हिसा, व्हिसावर इथली खोली, पुढची पीएच.डी., सगळंच.
ट्यूब मी बदललेल्या नाहीत. लेबलं तीनदा तपासली.

७ फेब्रु., शारजा
सकाळी बाथरूमचं दार उघडं होतं. आई बेसिनपाशी उभी, डाव्या तळव्यावर काळी पूड, उजवं बोट दातांवरून फिरतंय. लहानपणापासून रोज पाहिलेलं दृश्य.
मशेरी.
तव्यावर जाळलेला तंबाखूच तो. ती खात नाही, ओढत नाही, फक्त लावते. फॉर्ममध्ये 'लावता का' असा प्रश्नच नव्हता. आणि मी, याच विषयात एम.एस्सी. केलेली, शेजारी बसून 'नाही'वर खूण करत होते.
पंधरा मिनिटं ती तशीच उभी असते. मी आज पहिल्यांदा घड्याळ लावून पाहिलं.

८ फेब्रु.
आईला सांगितलं. आधी हसली. "अगं ते दंतमंजन आहे." मी रिसेप्टरचं सांगितलं. मग एकदम, "हे इथे चालतं का गं? पोलिसांना कळवतील? मला परत पाठवतील?" गावाहून येताना साड्यांच्या घडीत आणते ती.
म्हटलं, नाव कुठे जात नाही, नुसता नंबर.
"मग बाकीच्यांचंही काढशील."
"बाकीच्या कोण?"
"बाकीच्या म्हणजे कोण काय! सुमन, जोशीणबाई… त्यांना कोण आणून देतं, मीच ना."
नमुना नंबर पाच, आठ, नऊ. या तिघींचे आकडेही जरा वर होते. डॉ. म्हणाल्या होत्या, माणसं वेगवेगळी, इकडेतिकडे व्हायचंच. तेव्हा मान डोलावली होती मी.

पपा म्हणाले, "यल्ला, सोप्पं आहे. ट्यूब बदलली म्हण. ती एक चूक पोटात घालतील. बायकांना कशाला उघडं पाडतेस?"
म्हटलं, "पपा, ते खोटं होईल."
"खोटं काय त्यात? चूक तुझीच आहे ना? मग तुझ्याच नावावर घे."
 

१० फेब्रु., अल ऐन
डॉ. हुदांना एवढंच बोलले, ट्यूब बरोबर आहेत, प्रश्न चुकला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती जणी?" माहीत नाही म्हटलं. "सोमवारपर्यंत नंबर दे. नाहीतर बाराही काढून टाकायच्या आणि वर्ष गेलं." मग म्हणाल्या, "हा प्रश्न मलाही सुचला नाही." आमच्या लॅबसारखी त्यांच्या केबिनलाही खिडकी नाही, आज लक्षात आलं.

आईने दोन दिवसांपासून मशेरी सोडलीय म्हणे. पपांचा फोन, "डोकं धरून बसलीय. आमटीत मीठ दोनदा. माझ्यावर, तुझ्यावर, भिंतीवर, सगळ्यांवर चिडते. सांग तिला लाव म्हणून."
मी सांगायचं? मी?

१४ फेब्रु., शारजा
नवा प्रश्न मराठीत लिहून आणला : 'दातांना, हिरड्यांना मशेरी किंवा तंबाखूचं काही लावता का? किती वर्षं?' आईला दाखवला. दोनदा वाचला तिने. "बरोबर लिहिलंयस." माझं 'हो' लिही म्हणाली. पस्तीस वर्षं. "पण त्यांच्याकडे मी येणार नाही. माझ्यावर विश्वास टाकून आल्या होत्या त्या तुझ्याकडे."

एकटीच गेले. सुमनकाकू वरच्या मजल्यावर, सकाळचे आठ. बेल वाजवली. आतून आवाज आला, "आले गं, चूळ भरून येते."
दारात उभी राहिले, कागद हातात. नळ वाहत होता, बराच वेळ. मग पदराने तोंड टिपत काकू आल्या, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"आईचा फोन येऊन गेलाय," म्हणाल्या. "आत ये. दार लाव आधी."