लंडनातल्या बाईले कोनं मारलं

बाबा, तू गेल्याले गंज वर्सं झाली, पन तुह्यावरचा राग काही जुना होत नाई.

वाशीमच्या टेशनावर भाजीची पाटी उतरवताना बाकावर मले एक पुस्तक सापडलं होतं, आठवते? लंडनातली एक पैसेवाली बाई बंद खोलीत मरून पडते, अन् कोनं मारलं ते कोनालेच उमजत नाई. चौथीतला मी, मले धड वाचता येत नव्हतं, पन त्या बाईपायी जोडाक्षरं फोडायले शिकलो. मोठा भाऊ मोट हाके, तू फावडं घेऊन वांग्याच्या वाफ्याइले पानी लावे, अन् मी बांधावर बसून मोठ्यानं वाचे. आपल्या इथं कोनाची बकरी कोनाच्या मळ्यात घुसली हे दुपारच्या आत साऱ्याइले मालूम. तिथं धुक्यात शेजारी शेजाऱ्याले वळखत नाई. तुले तेच आवडे. एकदा इचारलं तू, "एवढ्या धुक्यात खुनी तरी घरी कसा पोचत असन बे?"

मंग एक दिवस पुस्तकात त्या बाईच्या नोकराच्या कोटावर रक्ताचा डाग निघते. मी वाचून राह्यलो, तू फावड्यावर हनुवटी टेकून उभा. वाफा भरला का त्याचं तोंड बुजवून दुसरा फोडाचा, हे तुह्या ध्यानातच नाई. वरून मोट येऊनच राह्यली. बांध फुटला, अन् परवा लावलेली सारी रोपं पान्यासंगं नाल्यात गेली.

फावडं तुह्या हातात होतं, बाबा. पन तू माह्या हातातलं पुस्तक ओढलं अन् इहिरीत फेकलं. म्हनला, "उद्यापासून शाळा बंद. वाचता येते म्हनून हे झालं." दुसऱ्या दिवशी भाऊ बजारात बसाले गेला अन् मोट माह्या गळ्यात आली. मास्तर घरी आले, तं त्याइले वांगी देऊन वाटेले लावलं तू.

आखरीच्या दुखण्यात खाटेवरून तूच हळू इचारलं, "त्या बाईले कोनं मारलं असन रे?"

मी म्हनलो, "इहिरीले इचार."

तू हासला, मंग खोकलला, अन् भिंतीकडं तोंड केलं.

आता बजारात गिऱ्हाईक नसलं का माळी, बागवान सारे माह्याभवती जमतात. मी लंडन सांगतो. वाशीमच्या टेशनापुढं कधी गेलो नाई, पन ट्रामची घंटी अशी वाजवतो का पोरं बाजूले सरकतात. शेवट मले ठाव नाई, म्हनून दर वेळी नवा जोडतो. खुनी मातर एकच. फावड्यावर हनुवटी टेकलेला एक बुढा. लोक इचारतात, लंडनात फावडं कुठून आलं? मी म्हनतो, चूप बसा, आयका.

हे कागद धाडू कुठं? पाटीखाली ठेवून देतो. माह्या गोष्टीत पोलीस त्या बुढ्यावर हात टाकतात, तेवढ्यात धुकं दाटते अन् तो निसटते. लोक मले शिव्या देतात.

धुकं मीच वाढवतो, बाबा.