हळदीची कॅसेट

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय शेवंती हिस,

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. उरणला तू रुळलीस हे वाचून बरे वाटले. इकडे सर्व ठीक. एम.ए.चा अर्ज भरला आहे. तोवर तानाजीदादाच्या व्हिडिओच्या दुकानात बसते. मामाचाच मुलगा, म्हणून आईला काळजी नाही.

दादाने दसऱ्याला संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. विटेएवढी पेटी, आत नऊ गिगाबाइट. गिगाबाइट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. परंतु प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तो तिच्यावर असा हात ठेवतो, जणू बाजारात म्हैस विकायला काढली आहे. "हिच्यात टाकलं की संपलं. बॅकअप! कॅसेटींची कटकटच नाय." हा थोर विचार सुचल्यावर त्याने लग्नांचे निवडक भाग पेटीत उतरवले आणि मूळ कॅसेटींवर पुढची लग्ने चित्रित केली.

मी म्हटले, "दादा, मग ही एकच प्रत उरली."

तो गिऱ्हाइकाकडे वळला. "ही आमची सगुणा. शाळेत मराठीत पहिली. आता मशीनला श्लोक शिकवणारे!"

दोघे हसले. मी कॅसेटींच्या कव्हरांवर नावे लिहीत राहिले.

पेटीबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती. दादा इंग्रजी फाडफाड बोलतो, त्यामुळे वाचण्याची त्याला गरज पडत नाही. मराठी माध्यमाच्या मुलीने शब्दकोश घेऊन ती तीनदा वाचली.

सोमवारी त्याने दुकानातला संगणक बदलला आणि पेटी नव्याला जोडली. पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क नव्याने तयार करायची का? केल्यास तिच्यावरचे सर्व काही पुसले जाईल. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. "बघ, शिक काहीतरी," दादा मला म्हणाला आणि माउसचा बाण होकाराच्या बटणाकडे नेऊ लागला.

मूळ मुद्दा मी टाळते आहे, हे तुझ्या ध्यानात आले असेल. तू लिहिलेस, "बाबा भाद्रपदात गेले तेव्हापासून आई एकच विचारते, हळदीची कॅसेट कधी मिळणार. त्यात त्यांचा आवाज आहे." दामाजीकाकांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही, हे मलाही माहीत आहे. तुझी हळद त्या पेटीत होती.

दादाचा बाण बटणावर पोहोचण्याआधी मी ते वाक्य पुरते वाचले होते. "थांब" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मी लाजरी आहे म्हणून बोलले नाही, असे लिहिणार होते. ते खोटे आहे. त्याने बटण दाबावे आणि गिऱ्हाइकांदेखत तोंडघशी पडावे, असे मला वाटत होते. त्यात तुझी हळद आहे हे त्या क्षणी आठवले नाही, असेही लिहून खोडले. आठवले होते.

त्याने बटण दाबले आणि पेटी कोरी झाली. दादा तुला कळवील की मशीन बिघडले. मशीन ठणठणीत आहे.

निवडक भागांची कापाकापी करताना ते चित्रण मी अकरा वेळा पाहिले. काका खांद्यावरचा टॉवेल सावरत मांडवात आले. कॅमेऱ्याला म्हणाले, "मना काय बघतस, नवरीला बघ!" तुझ्या गालाला हळद लावताना मात्र हात मध्येच थांबला. तोंड फिरवून म्हणाले, "पाणी दे गो कुनी."

असे सारे वहीत उतरवते आहे. सात पाने झाली. रविवारी ती घेऊन कोळीवाड्यात तुझ्या आईसमोर बसेन आणि या पत्रातले सर्व त्यांना माझ्या तोंडाने सांगेन. क्षमाही तिथेच मागेन. पत्रातून मागणे फार सोपे आहे. माझे पाठांतर पक्के आहे, काकांचा एकही शब्द चुकणार नाही. त्यांचा आवाज मात्र मला लिहिता येत नाही.

तुझ्याच बाकावरची,
सगुणा