पोट आत घेऊन दिलेलं माप

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
धाकटीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. आमच्याकडे सगळे ठीक. फोन न करता तू लिहिलंस हे बरं केलंस. दाजींच्या कानांसाठी तुमचा फोन कायम मोठ्या आवाजात असतो, आणि घरभर ऐकू जातं म्हणून फोनवर तू नेहमी ठणठणीत असतेस.

साखरेच्या आजारामुळे तळपायांची जी आग होते, तिच्यावर तुमच्या रुग्णालयात नव्या गोळीची चाचणी चालू आहे, तीत नाव घालू का, असं तू विचारतेस. वर असंही लिहितेस की निम्म्या लोकांना म्हणे नुसती पिठाची गोळी देतात, मग आपण कशाला उंदीर व्हायचं. प्रश्न रास्त आहे. मी इथे दम्याच्या औषधाच्या चाचणीत काम करते एवढंच तुला ठाऊक आहे. माझं काम म्हणजे रुग्णांनी रोज भरलेल्या वह्या तपासायच्या आणि त्यातले आकडे संगणकात घालायचे. त्यामुळे मला कळतं तेवढं सांगते.

कोणाच्या वाट्याला कुठली गोळी आली हे रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि त्या नोंदीचं बंद पाकीट चाचणी संपेपर्यंत उघडत नाहीत. कारण माणसाचा स्वभाव. नवी गोळी म्हटलं की थोडं दुखणं नुसत्या आशेनेच उतरतं. आशेने किती उतरलं आणि औषधाने किती, हे पिठाच्या गोळीवाचून वेगळं काढता येत नाही.

तुझ्या वाट्याला पीठच आलं तर, हा प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारला. तुझी जुनी औषधं चालूच राहतील, दर पंधरवड्याला तपासणी होईल, नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येईल. शेवटी गोळी गुणाची ठरली तर पीठवाल्यांना ती आधी देणार, असंही तू नक्कल पाठवलेल्या संमतीच्या कागदावर आहे. तरी सही करण्यापूर्वी तो कागद दाजींकडून सावकाश वाचून घे. मी हो म्हणते आहे, पण त्यात बहिणीचा जीव किती आणि नोकरीचा अभिमान किती, हे मला नीट सांगता येत नाही.

शिलाईच्या दुकानाचं लिही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझं पत्र म्हणजे शंकासुराचं पत्र. हो म्हणायला तुला दीड पान लागलं. शेवटी मी सही केली. तुझ्या दाजींनी कागद मोठ्याने वाचून दाखवला, तो शेजारच्या चांभारानेही ऐकला आणि त्याने पण हो म्हटलं.

रोज सकाळी वहीत आकडा लिहायचा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शिवाय पंधरा दिवसांनी डॉक्टरांसमोर बसून तोंडी सांगायचा. सुरुवातीला मी आठ सांगितले होते. मग पाच झाले, आता महिनाभर तीन चालू आहेत. डॉक्टर म्हणजे आपल्या लेकीच्या वयाची पोर आहे. केस विंचरायला वेळ नाही, डबा न उघडलेला टेबलावर पडलेला. दोन वर्षं या गोळीमागे आहे म्हणे. मी तीन म्हटलं की तिचा चेहरा असा उजळतो की बघत राहावं. आपलं काम कोणाच्या उपयोगी पडलेलं कोणाला आवडत नाही?

दुकान जोरात आहे. गणवेशांचे ढीग पडलेत. मशीन सध्या लेकीकडे दिलं आहे, मी काजं, बटणं आणि तुरपाई करते. तुझे दाजी मशीनला मोटर बसवा म्हणून मागे लागलेत, पण मोटरवर शिवण पळते, पायावर ती ताब्यात राहते. दुपारी कापायच्या टेबलाखाली फरशीवर पाणी शिंपडते आणि त्यावर पाय टेकून बसते. टेबलावरून कापड खाली सोडलेलं असतं, गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. परवा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा चार पायऱ्या बसूनच उतरले. तेही कोणी पाहिलं नाही. गेल्या आठवड्यातही एकदा झालं होतं. उन्हाचं असेल.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे ती कळवायला लागत नाही, तरी कळवते.

तुझी,
ताई

३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्या पानावर तीन आहेत. दुसऱ्या पानावर ओली फरशी आहे, दुसऱ्याच्या हवाली केलेलं मशीन आहे आणि बसून उतरलेल्या पायऱ्या आहेत. ज्या बाईने तापातही मशीनवरचा पाय काढला नाही, तिने तीन एवढ्याच दुखण्यासाठी मशीन सोडलं हे मला पटत नाही. मी चुकत असेन तर कान धर.

माझ्या टेबलावर रोज अशा वह्या येतात. चौदा दिवसांचे आकडे एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने लिहिलेले असतात. म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर बसून एकदम भरलेले. तेही चालवून घेता येतं, विसरभोळेपणा म्हणता येतो. पण तू विसरत नाहीस. तू त्या पोरीचं मन राखतेस.

याने काय होतं ते लिहिते. तुझ्या पाकिटात पीठ असेल आणि तू तीन म्हणत असशील, तर पिठानेही माणसं बरी होतात असं दिसेल. मग खरी गोळी कितीही गुणाची असली तरी तिच्यात आणि पिठात फरक उरणार नाही, आणि ती बाद होईल. म्हणजे जिचं काम उपयोगी पडावं म्हणून तू तीन म्हणतेस, तिचंच काम तू बुडवशील. आणि तुझ्या पाकिटात खरी गोळी असेल, तर ती अंधारी कदाचित तिच्यामुळे येत असेल. तू तीही सांगितली नसशील, असं मी धरून चालते. त्याच गोळ्या आणखी दोनेकशे जण घेत असतील, त्यांतलं कोणी जिन्यात असेल.

मला आई आठवली. तिचं मी बरी आहे म्हणणं शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकलं, आणि मग डॉक्टरांनी तुला आणि मला विचारलं की इतके दिवस तुम्ही काय करत होतात. आपण दोघी खाली बघत उभ्या होतो.

एक गोष्ट लपवत नाही. मी तुझ्या डॉक्टरबाईंना चार ओळी लिहिल्या. पाकिटावर पत्ताही घातला. पाकीट खणात आहे. ते टाकणं माझं कर्तव्य आहे की तुझ्या पाठीमागे केलेली चुगली, हे आठ दिवसांत ठरवता आलं नाही. तूच सांगावंस असं वाटतं.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

क्षेम लिहीत नाही, तू तेही वहीत मोजशील.

मी काही कोणाचं चोरलेलं नाही. पाय माझे, दुखणं माझं, आणि ते किती हे सांगायला मला संगणक लागत नाही. तू खोलीत बसून आकडे बघतेस, मी समोर बसून माणसाचं तोंड बघते, एवढाच फरक. आईचं नाव मध्ये आणायचं कारण नव्हतं. खाली बघत मीही उभी होते.

आणि आठ सांगून काय होणार आहे? तीन महिने गोळ्या घेऊन काडीचा फरक नाही, हे त्या पोरीला सांगायच्या आधी मला मलाच सांगावं लागेल. मग पुढे काय उरलं? जुन्या गोळ्यांनी नाही, नव्या गोळीनेही नाही. काजं-बटणं करत बसायचं, तेही हात चालतायत तोवर. तीन म्हटलं की निदान पंधरा दिवस मला बरं चालल्यासारखं वाटतं.

खणातलं पाकीट टाकायचं तर खुशाल टाक. फक्त त्यानंतर पत्रावर ताई लिहू नकोस, दुसरा काहीतरी मायना शोध.

ताई

१९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

मायना तोच ठेवला आहे.

ते पाकीट या पत्रासोबत पाठवते आहे. फाडणार होते, पण फाडलं असतं तर मी किती चांगली असं मलाच वाटलं असतं. पोस्टात टाकलं असतं तरी तेच वाटलं असतं. ते तुझ्याबद्दल आहे, तुझ्याकडे असू दे.

तू लिहिलंस त्यातली पुढे काय उरलं ही ओळ माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी तुझा भिडस्तपणा बघत बसले, तुझी भीती मला दिसली नाही. दहा वर्षं लोकांच्या वह्या वाचूनही दिसली नाही, याचं वाईट वाटतं.

आणि एक. जानेवारीत मी लिहिलं की आमच्याकडे सगळे ठीक. ते खरं नव्हतं. डिसेंबरापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले, आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की बदल हवा होता. डॉक्टरांना दाखवलेलं नाही. अशी मी तुला आकडे शिकवायला निघाले होते.

पूर्वीइतका नसला तरी थोडा लोभ असू दे.

तुझी,
धाकटी

५ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडचं नीट लिहिते. आज सकाळी आठ, दुपारी फरशीवर पाय ठेवून सात, आत्ता पत्र लिहिताना सात.

झालं असं. गेल्या सोमवारी शाळेचे हेडमास्तर पँटचं माप द्यायला आले. वजनदार गृहस्थ. टेप कमरेला लावली की त्यांनी नेहमीप्रमाणे श्वास ओढून पोट आत घेतलं. सगळेच घेतात. लेकीला मी शिकवून ठेवलंय की अशा वेळी माणसाला काहीतरी विचारायचं, तो बोलायला लागला की श्वास सुटतो, तेव्हा टेप वाचायची. त्या दिवशी माझे पाय इतके पेटले होते की विचारायला काही सुचेना, आणि मी सरळ सांगितलं की सर, पोट सोडा, पँट तुम्हाला घालायची आहे, टेपला नाही. ते हसले आणि त्यांनी पोट सोडलं. मी टेप धरून तशीच उभी. अडीच इंचांचा फरक होता. लेकीने दोनदा विचारलं की आकडा लिहू का.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. माझी तपासणीची तारीख नव्हती. डॉक्टरबाईला म्हटलं की मी सहा वेळा पोट आत घेऊन माप दिलं. तिला काही कळेना, मग सगळं सांगितलं, अंधारीसुद्धा. मला वाटलं रागावेल, नाव काढून टाकेल. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं की तिचा चेहरा खरंच इतका दिसतो का. मी म्हटलं, दिसतो. मग म्हणाली, चूक तिचीही आहे. आता असं ठरलंय की तोंडी आकडा नर्सबाई घेणार, तोही डॉक्टरबाई खोलीत नसताना, आणि हे सगळ्याच रुग्णांना लागू.

मी म्हटलं, जुने आकडे खोडून खरे लिहिते. तिने वही बाजूला ओढली. जुनं खोडायचं नाही म्हणे, आठवणीतून नवं लिहायचं नाही. ते तीन तसेच दिसत राहणार, सोबत माझ्या कबुलीचा कागद जोडला, त्यावर सही आणि तारीख. माझी लाज टाचणीने लावून ठेवलीये म्हणेनास. तुझ्या धंद्याचा हा नियम मला आवडला. उसवलेल्या जागी भोकं राहतात, ती राहू द्यावीत.

मग तिने मला निजवून रक्तदाब घेतला आणि लगेच उभं करून पुन्हा घेतला. उभं राहिलं की तो धाडकन खाली येतो. त्याची माझी जुनी गोळी जास्त होत होती, ती अर्धी केली. तेव्हापासून अंधारी नाही, जिना चालत उतरते. पायांची आग आहे तशी आहे. नाव काढलेलं नाही.

तुझं पाकीट फोडलं नाही. जाड कागदाचं आहे, त्यावर टाचण्या टोचून ठेवल्यात.

खांदा दाखव. लोभ मी कधी कमी केला नव्हता, फक्त मायन्याबद्दल बोलले होते.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

चाचणी संपली, पाकिटं उघडली. माझ्या वाट्याला पीठ होतं. वर्षभर पीठ खाल्लं मी, आणि वर त्याचं कौतुक करत होते. तुझे दाजी इतके हसले की चांभार बघायला आला.

खरी गोळी चांगली निघाली, पण जादू नाही. दोनेक आकडे उतरवते, सगळ्यांचे नाही. डॉक्टरबाई म्हणाली की एकट्या माझ्या तिनांनी चारशे माणसांचा हिशेब उलटला नसता. पण नर्सबाई विचारायला लागल्यावर माझ्यासारखे पोट आत घेणारे आणखी सतरा निघाले. त्या सगळ्यांनी मिळून त्या दोन आकड्यांना कात्री लावली असती. हे सांगताना तिने चेहरा अगदी सपाट ठेवला होता. शिकली बिचारी.

कागदावर लिहिल्याप्रमाणे आम्हा पीठवाल्यांना आता खरी गोळी देतायत. मला पाच आठवडे झाले. पहिले तीन आठवडे सातच होते, तेव्हा मी सातच सांगितले, आणि घरी येऊन काजं करत बसले. मग एक दिवस सहा झाले. कालपासून पाच आहेत. काल वाटलं, मीच मनाने कमी करतेय, म्हणून आज लेकीला मशीनवरून उठवलं आणि स्वतः बसून एका सदऱ्याच्या दोन्ही बाजू शिवल्या. उठले तेव्हा सहा होते. तासाभराने पुन्हा पाच. शिवण सरळ आली आहे. मोटर बसवायची नाही हे तुझ्या दाजींना सांगितलं.

तुझ्या मागच्या पत्रात लिहिलं आहेस की खांदा आता पुष्कळ बरा आहे. पुष्कळ हे माप आमच्या दुकानात चालत नाही. हात किती वर जातो ते भिंतीला लागून उभी राहून बघ, पेन्सिलीने खूण कर आणि इंचात कळव. श्वास सोडून.

तुझी,
ताई